दफ्तर, डिरेक्टरी आणि परवानगी

शहापूरची कचेरी गल्ली आपल्या सर्वांच्या पायाखालची आहे. कचेरी म्हटली की दफ्तर आले, दफ्तर म्हटले की रुमाल आले, रुमालांवर नजर ठेवणारा दफ्तरदार आला, आणि त्याच्या पाठोपाठ तो जुना प्रश्नही आला : हा कागद पाहण्याचा अधिकार कोणाचा? शेदोनशे वर्षे आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर कधी अर्ज करून, कधी शिक्का दाखवून, कधी कारकुनाच्या हातापाया पडून मिळवले. आज तोच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर नऊ अक्षरांत लिहिलेला असतो. आपल्या भागातील जुन्या घराण्यांचे मोडी कागद, वाटणीपत्रे, देवस्थानच्या सनदा, पेढीच्या चोपड्या आता छायाचित्रांच्या रूपाने संगणकात जाऊ लागल्या आहेत. पेटीची किल्ली ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जानव्याला बांधून सांभाळली, त्यांच्या वारसांना ही नऊ अक्षरे वाचता येत नसतील तर कागद राहूनही हातचे जातील, असे आम्हांस वाटते. म्हणून हा थोडा इतिहास.

संगणकात परवानगीची गरज मुळात का पडली? आरंभीच्या यंत्रांवर एका वेळी एकच माणूस काम करी. त्याचे काम संपले की दुसरा बसे. एकट्याच्या घराला कडी कशाला हवी? पुढे १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था दाखवली. यंत्र एक आणि बिऱ्हाडे अनेक, असा वाडा झाला. वाडा झाला की भांडणे आली आणि कुलपेही आली. प्रत्येकाला स्वतःचा संकेतशब्द देण्यात आला. तथापि या कुलपांची एके दिवशी जी फजिती झाली ती कॉर्बातो यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. दोन व्यवस्थापक एकाच खात्यातून एकाच वेळी काम करीत होते. एक जण सर्वांना दाखवायचा दिवसाचा संदेश लिहीत होता, दुसरा संकेतशब्दांच्या यादीत दुरुस्ती करीत होता. लेखनाचे साधन तात्पुरत्या मजकुराला दोघांसाठी एकच नाव देत असे. व्हायचे तेच झाले. मजकुरांची अदलाबदल होऊन त्यानंतर जो जो यंत्रापाशी बसला, त्याच्यापुढे संदेशाऐवजी सर्वांचे संकेतशब्द उघडे पडले. दोन कारकुनांनी एकाच नावाच्या रुमालात आपापले कागद बांधावेत, तसा हा प्रकार.

त्यानंतरची ‘मल्टिक्स’ ही योजना फार मोठी होती. तिची कागद ठेवण्याची पद्धत डेली आणि न्यूमन या दोघांनी १९६५ साली एका निबंधात मांडली. वृक्षासारखी रचना, एका खणात दुसरा खण, त्यात तिसरा, आणि प्रत्येक वस्तूवर कोणाला काय करता येईल याची नोंद. या योजनेत बेल लॅबोरेटरीज ही संस्था सहभागी होती. १९६९ साली ती बाहेर पडली. तिच्याच न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा, जवळजवळ अडगळीत पडलेल्या यंत्रावर मोठ्या योजनेतले मर्म तेवढे उचलून ‘युनिक्स’ उभे केले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तकात डिरेक्टरी बदलण्याची, यादी पाहण्याची, परवानगी बदलण्याची आणि मालकी बदलण्याची आज्ञा आहे. यांपैकी बहुतेक आज्ञा आज पन्नासांहून अधिक वर्षांनंतरही जवळजवळ त्याच अक्षरांत टंकाव्या लागतात. आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले ‘लिनक्स’ आहे, आणि त्याने युनिक्सचा हा वारसा जसाच्या तसा उचलला आहे. मोबाइलमधील प्रत्येक अ‍ॅप हे तेथे एक स्वतंत्र कूळ मानलेले असते. त्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि शेजाऱ्याच्या खणात हात घालण्याची त्याला मुभा नसते.

आता या वाड्यात फिरायचे कसे? टर्मिनल म्हणजे जेथे चित्रे नाहीत, माउसचा बाण नाही, केवळ आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे, अशी खिडकी. पाहणाऱ्याला ती काळीकभिन्न आणि अगम्य वाटते. पण पेठेतला कोणताही जुना पोस्टमन जे जाणतो त्याहून अधिक तेथे काही नाही. ‘पीडब्ल्यूडी’ असे टंकले की आपण सध्या कोठे उभे आहोत ते कळते. (हे अक्षरत्रय पाहून बांधकाम खात्याची आठवण होणारे आम्ही एकटेच नसू.) ‘एलएस’ म्हटले की त्या जागी काय काय आहे त्याची यादी मिळते. ‘सीडी’ म्हणून पुढे नाव दिले की त्या डिरेक्टरीत जाता येते, आणि नावाऐवजी दोन टिंबे दिली की एक पायरी मागे येता येते. सर्वांच्या मुळाशी एक नाव नसलेली डिरेक्टरी असते. तिची खूण नुसती तिरकी रेघ. मुळापासून सांगितलेला पत्ता कोठेही उभे राहून सांगा, तोच राहतो : बेळगाव, मग शहापूर, मग कचेरी गल्ली, मग घर. उलट ‘पुढच्या बोळातून डावीकडे’ हा पत्ता सांगणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून. दोन्ही प्रकार टर्मिनलला समजतात. नवख्याचा गोंधळ बहुतेक वेळा एवढाच असतो की तो दुसऱ्या प्रकारचा पत्ता पहिल्या प्रकारचा समजून चालू लागतो, आणि होसुरात उभा राहून खडेबाजार शोधतो.

‘सीडी’ या आज्ञेची एक मौज रिची यांनी लिहून ठेवली आहे. युनिक्समध्ये जेव्हा प्रत्येक आज्ञेसाठी एक नवा स्वतंत्र चाकर निर्माण करण्याची पद्धत आली, तेव्हा डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी चालेनाशी झाली. शोधाअंती उमगले की आज्ञा चोख पाळली जात होती : चाकर उठून दुसऱ्या खोलीत जाई आणि तेथेच त्याचे आयुष्य संपे, मालक मात्र आपल्या जागेवरून हललेलाच नसे. त्यानंतर ही एक आज्ञा मालकाने स्वतःच बजावायची असे ठरले, आणि ती पद्धत आजतागायत चालू आहे.

या रचनेतील एक विशेष शहापूरकरांना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळावा. युनिक्सच्या वृक्षावर एखाद्या ठिकाणी निराळ्याच डिस्कवरील संपूर्ण वृक्ष आणून जोडता येतो. चालणाऱ्याला सांधा जाणवत नाही. एका डिरेक्टरीतून दुसरीत पाऊल टाकावे तसे तो पाऊल टाकतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या डिस्कच्या हद्दीत गेलेला असतो. १९४८ पर्यंत आपले शहापूर असेच होते. १८०१ साली मिरजेच्या पटवर्धनांतून सांगलीची शाखा वेगळी झाली. त्या सांगली संस्थानाचा शहापूर हा एक तालुका. पण तो सांगलीपासून कितीतरी दूर, इंग्रजी अमलाखालील बेळगावाला अगदी खेटून. बेळगावची वस्ती संपून शहापूरची केव्हा सुरू झाली हे पायांना कळत नसे. मात्र कज्जा, कर आणि कागद यांच्या दृष्टीने माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला असे. जागा एकाच्या पोटात आणि मालक दुसराच. मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि हा सांधा मिटला. वस्तू कोठे आहे आणि वस्तू कोणाची आहे, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे शहापूरच्या विणकर-सराफांना सांगायला कोणा रिचीची गरज नव्हती.

मग मालकी आणि परवानगी यांची नोंद कशी होते? ‘एलएस’ या आज्ञेला उणे चिन्ह आणि ‘एल’ हे अक्षर जोडले की प्रत्येक नावापुढे एक लांब ओळ येते. तिच्या आरंभी वस्तूचा प्रकार सांगणारी एक खूण, मग नऊ जागा, मग मालकाचे नाव आणि गटाचे नाव. नऊ जागा म्हणजे तीन तीनचे तीन गट : पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. प्रत्येकात आर, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरे, अनुक्रमे वाचणे, लिहिणे आणि चालवणे. जेथे परवानगी नाही तेथे आडवी रेघ. पहिल्या आवृत्तीत गट नव्हता. मालक आणि इतर, एवढीच वाटणी होती. घर आणि जग यांच्या मधल्या भाऊबंदांची सोय थोडी मागाहून झाली. लिहिण्याच्या सोयीसाठी वाचण्याला चार, लिहिण्याला दोन आणि चालवण्याला एक असे आकडे धरून बेरीज करतात. ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने नुसते वाचावे, इतरांनी दारही ठोठावू नये.

फाइलच्या बाबतीत हे सरळ आहे. खरी गंमत डिरेक्टरीच्या बाबतीत आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तेथे थबकावे लागते. डिरेक्टरीवरील ‘आर’चा अर्थ आतल्या नावांची यादी पाहता येणे. ‘एक्स’चा अर्थ आत पाऊल टाकता येणे, म्हणजे नाव माहीत असेल तर ती वस्तू गाठता येणे. या दोन परवानग्या एकमेकींवाचून असू शकतात. एखाद्याला यादी दिसते पण एकही कागद उघडत नाही. दुसऱ्याला आत जाता येते पण यादी दिसत नाही. अमुक नावाचा कागद आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग. पुण्याच्या पेशवे दफ्तराचा एकशे दहा-पंधरा वर्षांचा इतिहास हा या दोन अक्षरांचा इतिहास आहे.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची शिस्त मोठी होती. रोजच्या व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत दिवसवार होई. त्याच व्यवहाराची विषयवार मांडणी घडणीत केली जाई. चालते काम एका दफ्तरात, एकवट हिशेब एकबेरीज दफ्तरात. नाना फडणीसांच्या काळात ही व्यवस्था ऐन भरात होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिची आबाळ झाली. १८१८ नंतर हे सारे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी ते जपले, हे कबूल केले पाहिजे; पण जपले ते महसुलाच्या कामासाठी. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्याच भागात, १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. इनामदाराने आपली सनद पुढे करायची, आणि सरकारने ती आपल्या ताब्यातील दफ्तराशी ताडून पाहायची. ज्या रोजकीर्दीवरून त्याच्या वतनाचा निकाल लागायचा, ती पाहण्याचा अधिकार इनामदाराला नव्हता. वाद दोघांचा, पण वाचण्याची परवानगी एकाच पक्षाला.

युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक वापरकर्ता असतो. त्याचा क्रमांक शून्य. ही नऊ अक्षरे त्याला अडवीत नाहीत. तो कोणाचाही कागद वाचतो, बदलतो, मालकही बदलतो. इनाम कमिशनची आठवण ज्यांच्या घरात सांगोवांगी टिकून आहे, त्यांना रूट म्हणजे काय ते उलगडून सांगण्याची जरूर नाही.

संशोधकांचा अनुभव याच धाटणीचा. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांना सरकारी अनुमतीने रोजकीर्दींतून उतारे काढता आले. त्या उताऱ्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे आपला निबंध वाचला. उताऱ्यांचे खंड रानडे यांच्या निधनानंतर छापून झाले. रानड्यांच्या त्या निबंधाने मराठ्यांच्या इतिहासाकडे लढायांपलीकडे, म्हणजे कर, टांकसाळ, न्याय, दारूबंदी, सामाजिक निर्बंध यांच्या अंगाने पाहायला शिकवले. पण वाचणाऱ्यांना दिसले ते वाडांनी वेचले तेवढेच. रुमालात आणखी काय आहे, हे कोणाला विचारावे? ज्या कागदाचे नाव माहीत नाही तो मागायचा कसा? दार किलकिले होते. यादी मात्र बंद.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी या बंद दाराशी डोके आपटण्यात आयुष्य घालवले नाही. ते गावोगावच्या वाड्यांकडे वळले. वाई येथे हाती आलेल्या कागदांवरून त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि माळवदावर, कोनाड्यात, वाळवीच्या तोंडी पडलेल्या कागदांतून मालेचे बावीस खंड झाले. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या या माणसाला पटवर्धन घराण्याचे दफ्तर पाहायला मिळाले, ते घराण्याच्या विश्वासामुळे. त्यांनी ते नुसते पाहिले नाही; वर्षानुवर्षे वाचले, लावले, उतरवले, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध केला. १९२४ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे काम चालू होते. ज्या पटवर्धनांच्या अमलाखाली शहापूर होते, त्यांच्या हालचाली आज आपल्याला तारीखवार कळतात त्या पुण्याच्या सरकारी इमारतीमुळे नव्हे, तर एका शाळामास्तराला ‘गटा’त घेणाऱ्या घराण्यामुळे. खऱ्यांचे ऋण आपल्या भागात पुरेसे मानले गेले नाही, असे आमचे मत आहे.

पेशवे दफ्तराचे दार अखेर १९२९ च्या सुमारास उघडले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर पडले. तीस हजारांहून अधिक रुमालांच्या त्या डोंगरापुढे पंचेचाळीस खंड म्हणजे ओंजळभर पाणी. परंतु आम्हांला त्यांहून महत्त्वाची वाटते ती सरदेसायांची १९३३ सालची लहानशी मार्गदर्शिका. कोणत्या विभागात कोणत्या प्रकारचे रुमाल आहेत, हे तिने प्रथमच बाहेरच्या माणसाला नीट सांगितले. ‘इतरां’च्या तीन जागांपैकी पहिली जागा त्या दिवशी भरली. तोवर आत जाण्याची परवानगी मिळालेला माणूससुद्धा अंधारात चाचपडतच होता.

मात्र ‘आर’ हे अक्षर मिळाल्याने वाचता येतेच असे नाही. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली, आणि एका पिढीत आपल्याच आजोबांचा हात आपल्याला परका झाला. परवानगी सर्व, वाचन शून्य. याचे दुसरे टोक आजच्या जमिनीच्या कागदांत दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याबरोबर त्याचे महसुली दफ्तरही गेले. पुढे कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे सदुसष्ट लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे संगणकात घातले. २००२ च्या सुमारास हाताने लिहिलेल्या उताऱ्यांचा व्यवहार थांबला. परवानग्यांची तिची आखणी, निःपक्षपातीपणे पाहता, वाखाणण्यासारखी होती. कोणाचाही उतारा कोणालाही आरंभी पंधरा रुपये भरून मिळे, म्हणजे वाचणे सर्वांना खुले. नोंद बदलायची तर अधिकाऱ्याच्या बोटाचा ठसा यंत्राने ओळखावा लागे, म्हणजे लिहिणे मोजक्यांनाच. तलाठ्याच्या मर्जीवर टांगलेला कागद मोकळा झाला, हे सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्यानेही मान्य करावे. परंतु उतारा कन्नडमध्ये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात नमूद आहे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही आपल्याकडील मागणी भावनेची म्हणून हिणवली जाते. वस्तुतः ती पहिल्या अक्षराच्या अर्थाची मागणी आहे. जो कागद उघडतो पण वाचता येत नाही, त्याला परवानगीचा कागद म्हणावे काय?

या स्थलांतराला समांतर अशी एक गोष्ट डिस्कच्या बाबतीतही घडते. युनिक्स फाइलवर मालकाचे नाव लिहीत नाही. त्याचा क्रमांक लिहिते. नाव आणि क्रमांक यांची जोड त्या त्या यंत्राच्या यादीत असते. डिस्क उचलून दुसऱ्या यंत्राला लावली की क्रमांक तोच राहतो, पण यादी बदलते. मग आपल्या फाइलीवर मालक म्हणून भलत्याच माणसाचे नाव झळकते, किंवा नुसता आकडा उरतो. फाइलीतला मजकूर एका अक्षरानेही बदललेला नसतो.

याहून धोक्याचा एक नियम आहे, आणि संगणक रोज वापरणाऱ्यांनाही तो बहुधा ठाऊक नसतो. फाइल नष्ट करण्याचा अधिकार फाइलीवरच्या अक्षरांनी ठरत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीवर लिहिण्या-जाण्याची परवानगी कोणाला आहे, यावर तो ठरतो. कारण डिरेक्टरी ही मुळात नावांची वही. वहीवर ज्याला लिहिता येते त्याला त्यातले नाव खोडता येते. तुम्ही आपल्या फाइलीला केवळ वाचण्यापुरती खुली ठेवलीत, इतरांना लिहिण्याची सक्त मनाई केलीत, तरी ती दुसऱ्याच्या डिरेक्टरीत असेल तर तो ती मुकाट्याने काढून टाकू शकतो. अमानत म्हणून दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेली पेटी कुलूपबंद आहे खरी, पण वाडा विकला गेला की पेटीचे काय? घराण्याचे कागद जेव्हा एखाद्या उत्साही मंडळाच्या किंवा नातलगाच्या संगणकावर ‘सुरक्षित’ ठेवले जातात, तेव्हा फाइलीचा मालक कोण हे विचारण्याआधी डिरेक्टरीचा मालक कोण, हे विचारावे.

यावर तोडगाही युनिक्समध्येच निघाला. सर्वांनी मिळून वापरायच्या डिरेक्टरीवर एक जादा खूण लावता येते. तिला ‘स्टिकी बिट’ म्हणतात. मूळची ती निराळ्याच कामासाठी होती. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये तिला हा नवा अर्थ मिळाला. ती असेल तर त्या डिरेक्टरीत सर्वांना भर घालता येते, पण खोडता येते ते ज्याचे त्याला, डिरेक्टरीच्या मालकाला, आणि अर्थात रूटला. दुसरी एक खूण रिची यांची स्वतःची, जिचे पेटंट त्यांच्या नावावर १९७९ साली मंजूर झाले : ती लावलेला कार्यक्रम कोणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकाराने चालतो. आपल्याकडे याला मुतालिकी म्हणत. मुतालिकाच्या हाती धन्याचा शिक्का असे. कागद त्याने करायचा, पण तो धन्याचा समजायचा. त्यातली सोय आणि त्यातला धोका, दोन्ही पेशवाईच्या वाचकांना परिचयाचे आहेत.

कागदांची नावे मराठीत ठेवता येतील काय, असे आम्हांला अनेकदा विचारले जाते. येतात. युनिक्स नावातील अक्षरांचा अर्थ पाहत नाही. तिरकी रेघ आणि शून्य-चिन्ह वगळता तिला काहीही चालते. १९९२ च्या सप्टेंबरात त्याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीतील एका खाणावळीत, जेवणाच्या टेबलावरील कागदावर, जगातील सर्व लिप्या एका धाग्यात ओवणारी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आखली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे घेते. ‘शहापूर’ या नावाला काना आणि उकार धरून अठरा घरे लागतात. इंग्रजीत हेच नाव आठ घरांत बसते. नावाची कमाल मर्यादा बहुधा दोनशे पंचावन्न घरांची असते, म्हणजे मराठीत पंच्याऐंशी चिन्हे. सनदेचे वर्णन आटोपशीर करायला तेवढी पुरेत.

एका घराण्याच्या चार शाखांनी आपले कागद एका यंत्रावर एकत्र ठेवायचे ठरवले, तर आम्ही सुचवू ते असे. घराण्याच्या नावाचा एक गट करावा, त्यात चारही शाखांची माणसे घालावीत, आणि सामाईक डिरेक्टरीवर १७७० असा आकडा घालावा. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतील सन वाटावा असा हा आकडा. पण येथे पहिला एक म्हणजे स्टिकी खूण, पुढचे दोन सात म्हणजे मालकाला आणि गटाला सर्व मुभा, आणि शेवटचे शून्य म्हणजे बाहेरच्यांना मज्जाव. अभ्यासकांसाठी निवडक कागदांची दुसरी डिरेक्टरी असावी आणि तिच्यावर ७५५ असावे : यादी दिसेल, आत जाता येईल, लिहिता येणार नाही. त्यातील फाइलींवर ६४४ ठेवले की त्या वाचता येतील, बदलता येणार नाहीत. रूटचा संकेतशब्द एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता बंद लखोट्यात दोन घरी ठेवावा, माणसे जातात. आणि एक खबरदारी. हे कागद पेन ड्राइव्हवर उतरवून मुंबईच्या किंवा परदेशातल्या नातलगाकडे दिले, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेन ड्राइव्हच्या मांडणीत मालक, गट आणि नऊ अक्षरे यांना जागाच नसते. मजकूर तेवढा पोचतो. तेथे तो ज्याच्या यंत्रावर उतरेल, त्याचे नाव मालक म्हणून लागते.